सॉलिडवर्क्स या थ्रीडी डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये पार्टचं नाव बदललं आणि ड्रॉइंगचे व्ह्यू कोरे झाले. मापं न गमावता परत कसं जोडायचं?

पंप केसिंगच्या पार्टला ‘रेव्ह बी’ (रिव्हिजन बी, म्हणजे सुधारित आवृत्ती) असं नवं नाव दिलं आणि ड्रॉइंग कोरं आलं, असं तुम्ही लिहिलंय. आधी एक करा: ते कोरं ड्रॉइंग सेव्ह करू नका, तसंच बंद करा. जुना पार्ट उघडा असेल तर तोही बंद करा, कारण सॉलिडवर्क्स मेमरीत उघडी असलेली फाइल आधी उचलतं. ओपनच्या खिडकीत ड्रॉइंगवर एकच क्लिक करून ‘रेफरन्सेस’ (ड्रॉइंग कुठल्या फाइलवर आधारलंय त्याची यादी) दाबा, यादीत जुन्या पार्टच्या जागी नवा निवडा आणि मग उघडा.

नवी फाइल जुनीचीच कॉपी असेल तर मापं जागच्या जागी राहतात. माप मॉडेलच्या कडेला किंवा पृष्ठभागाला मिळालेल्या आतल्या ओळखीला चिकटलेलं असतं. तोच पार्ट कुणी मुळापासून नव्याने काढला असेल तर दिसायला हुबेहूब असूनही मापं लटकतात आणि त्यांचा रंग बदलतो. मग एकेकाचं टोक ओढून नव्या कडेवर बसवा.

पण मुळात रिव्हिजन फाइलच्या नावात घालायचीच कशाला? कोल्हापुरात उद्यमनगरपासून गोकुळ शिरगावपर्यंतच्या कारखान्यांत ही सवय आहे आणि निम्मे तुटलेले रेफरन्स तिच्यातूनच येतात. विंडोजच्या फोल्डरमध्ये एफ टू दाबून नाव बदललं की ड्रॉइंगला ते कळत नाही. त्याउलट ड्रॉइंग उघडं ठेवून पार्टला ‘सेव्ह अॅज’ दिलं की ड्रॉइंग त्याच क्षणी नव्या फाइलकडे वळतं. ते सेव्ह झालं की जुन्या रिव्हिजनला ड्रॉइंगच उरत नाही. त्या वेळी येणारा इशारा न वाचता ओके करू नका. नुसती प्रत हवी असेल तर ‘सेव्ह अॅज कॉपी अँड कंटिन्यू’ घ्या.

याहून वाईट गोष्ट म्हणजे व्ह्यू भरलेला दिसतो, पण चुकीचा असतो. कास्टिंगच्या कामात एकाच पार्टमध्ये पॅटर्न (साच्यासाठीचा नमुना), कास्टिंग आणि मशिनिंग अशी तीन कॉन्फिगरेशन, म्हणजे पार्टची तीन रूपं, ठेवतात. पॅटर्नमध्ये ग्रे आयर्नच्या थंड होताना आकसण्यासाठी १.०१ चं स्केल असतं. मशिनिंगच्या ड्रॉइंगमधला व्ह्यू ‘शेवटचं सेव्ह केलेलं कॉन्फिगरेशन’ यावर राहिला आणि पॅटर्नवाल्याने आपल्या कॉन्फिगरेशनमध्ये पार्ट सेव्ह करून ठेवला, तर स्मार्ट डायमेन्शनने (ड्रॉइंगवर थेट मोजून) घेतलेलं २०० चं माप रीबिल्ड झाल्यावर (ड्रॉइंग मॉडेलवरून ताजं झाल्यावर) २०२ दाखवतं. मॉडेलमधून आणलेलं फीचरचं माप मात्र २०० च राहतं. एकाच शीटवर दोन्ही! आकार तोच असल्यामुळे नजरेला काही खटकत नाही आणि बोअर २ मिलिमीटर मोठा निघतो. म्हणून प्रत्येक व्ह्यूच्या ‘मोर प्रॉपर्टीज’मध्ये जाऊन कॉन्फिगरेशन नावाने पक्कं करा. मापावर हाताने आकडा टाइप करून तर कधीच झाकू नका. मॉडेल बदललं तरी तो आकडा तसाच राहतो.

‘रिव्हिजन नावात नसेल तर मशिनवर कुठलं ड्रॉइंग गेलं ते कळणार कसं?’ हा वाद आमच्याकडे वर्षानुवर्षं चालू आहे. मशिनवर पीडीएफ जाते, पार्ट फाइल नाही. रिव्हिजन पीडीएफच्या नावात हवी तेवढी घाला. पार्ट आणि ड्रॉइंगला फक्त पार्ट नंबर द्या, रिव्हिजन कस्टम प्रॉपर्टीत (फाइलच्या आतल्या माहितीच्या रकान्यात) ठेवा आणि टायटल ब्लॉकमधली नोट त्या प्रॉपर्टीला जोडा. जुनी रिव्हिजन जपायला ‘पॅक अँड गो’मध्ये (जोडलेल्या फाइल एकत्र कॉपी करायची सोय) ‘इन्क्लूड ड्रॉइंग्ज’वर टिक करून झिप काढा, म्हणजे ड्रॉइंग आणि पार्ट जोडीनेच राहतात.

दोन गिऱ्हाइकांच्या फोल्डरमध्ये ‘बॉडी’ नावाचे दोन पार्ट असतील तर तेही आजच निस्तरा. एक उघडा असताना दुसऱ्याचं ड्रॉइंग उघडलं की त्यात पहिल्याची बॉडी येऊन बसते. नाव बदलायचंच तर फाइलवर राइट क्लिक करून सॉलिडवर्क्सच्या मेनूतलं ‘रिनेम’ वापरा, ते ड्रॉइंगमधला पत्ताही बदलतं.

बदल इतका मोठा असेल की जुन्या पंपावर नवं केसिंग बसणारच नाही, तर मात्र नवा पार्ट नंबर आणि नवी फाइलच हवी. तीसुद्धा ‘पॅक अँड गो’मध्येच नावं बदलून काढा. आणि ऑफिसात पीडीएम (फाइल आणि त्यांच्या आवृत्त्या सांभाळणारी प्रणाली) असेल तर वरचं झिपचं सोडून द्या, जुन्या आवृत्त्या तेच सांभाळतं.