खांदा बसला, धास्ती उरली

प्रश्न : माझा 19 वर्षांचा मुलगा कोल्हापुरातील एका तालमीत सराव करतो. गेल्या सहा महिन्यांत त्याचा उजवा खांदा दोनदा निखळला आणि दोन्ही वेळा रुग्णालयात बसवावा लागला. आता दुखत नाही, पण सदऱ्याच्या बाहीत हात घालतानाही तो थबकतो. वस्ताद म्हणतात, जोर वाढव, खांदा घट्ट होईल. व्यायामाने तो खरेच बरा होईल का?

उत्तर : बाहीपाशी थबकण्याची जी गोष्ट आपण लिहिली आहे, ती मला सर्वांत महत्त्वाची वाटते. हात वर उचलून मागे वळला की खांदा पुढच्या बाजूने निसटतो, आणि तशी स्थिती जवळ येताच त्याचे शरीर सावध होते. खांद्याची खोबण बशीसारखी उथळ असते. दंडाच्या हाडाचा गोल माथा तिच्यात राहतो तो काठावरची कूर्चा, अस्थिबंध आणि त्याला खोबणीत दाबून धरणारे 4 लहान स्नायू यांच्यामुळे. फाटलेली कूर्चा व्यायामाने शिवली जात नाही, परंतु तिचे बरेचसे काम हे स्नायू उचलू शकतात.

वस्तादांचा मान राखून सांगतो, की जोरांनी मुख्यतः छातीचे मोठे स्नायू वाढतात, आणि ते माथ्याला पुढेच ओढतात. म्हणून सुरुवात वेगळी हवी. कोपर काटकोनात वाकवून कुशीला लावावे, मध्ये टॉवेलची घडी धरावी आणि मनगटाची बाहेरची बाजू दाराच्या चौकटीवर 5 ते 10 सेकंद हलकेच दाबावी. हात जागचा हलू नये, टॉवेल पडू नये. पैलवानाला हे पोरखेळ वाटेल, तरी आग्रह सोडू नका. पुढे रबरी पट्टा, खांद्याच्या फऱ्याचे व्यायाम, मग भिंतीला हात टेकून जोर. मुद्गल डोक्यामागून फिरवणे अगदी शेवटी, कारण त्यात हात नेमका त्याच धोक्याच्या स्थितीत जातो.

याला किमान 3 महिने द्यावेत. मात्र या वयात आणि कुस्तीसारख्या खेळात खांदा पुन्हा निखळण्याची शक्यता बरीच असते, म्हणून आधी अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवून एमआरआयची गरज विचारावी. खोबणीच्या काठाचे हाड तुटले असेल, तर शस्त्रक्रिया लागू शकते. हे व्यायाम त्यानंतरही करावेच लागतात. दोन्ही खांद्यांची ताकद सारखी होऊन हात वर-मागे नेताना धास्ती वाटेनाशी झाल्यावरच, तज्ज्ञांच्या संमतीने त्याने आखाड्यात उतरावे. तोवर खांदा पुन्हा निखळलाच, तर तो कोणालाही ओढून बसवू देऊ नका. हात झोळीत बांधून थेट रुग्णालय गाठा.