पहिल्यांदा तिखट व्हेज सब (लांब पावाचं सँडविच) खाणार असशील तर

रत्नागिरीच्या दमट हवेत पाव लगेच मऊ पडतो, म्हणून आधी तो कडक टोस्ट करून माग. सॉस फक्त टिक्कीवर घालायला सांग; पावाला लागला की लगदा झालाच. हालापिन्यो (मेक्सिकन मिरची) व्हिनेगरमध्ये मुरलेले, त्यांचा आंबटपणा मला फार आवडतो, पण खरा झटका हिरव्या मिरचीच्या चटणीचा. मिरचीला तिखट करणारं कॅप्साइसिन पाण्यात जवळजवळ विरघळतच नाही, त्यामुळे तोंड पोळलं की पाणी ढोसून उपयोग नाही. ताक घे, किंवा शेजारच्या खानावळीतून सोलकढी आण, नारळाच्या दुधातली स्निग्धता तिखट ओढून घेते. कोल्ड्रिंक नकोच, जीभ आणखी चुरचुरते. कागद मात्र एकदम काढू नकोस, खाशील तसा खाली सरकवत जा, नाहीतर कांदा-काकडी सगळी मांडीवर.