चासीत २ मिलिमीटर, हिशोबात १४ लाख

प्रश्न : माझं वय ४३. नाशिकला एका कारखान्यात देखभाल विभागात आहे, हातात महिना ९२ हजार येतात. पत्नी गृहिणी, मुलगी दहावीत, मुलगा सहावीत. रो-हाउसचं २२ लाख कर्ज बाकी, हप्ता ३१ हजार. दोन वर्षांपासून घरामागच्या शेडमध्ये १९८८ सालची डिझेल जीप नव्याने बांधतोय. मूळ चासी (गाडीचा खालचा सांगाडा) मागून गंजली होती, म्हणून बॉक्स पाइपची नवी चासी स्वतः वेल्ड केली. आजवर ४ लाख ६० हजार गेले. आता तिच्यावर बंद बॉडी हाताने घडवायची आहे. पत्रा, रंग, काचा, वायरिंग, सीट धरून ५ लाख लागतील. पर्सनल लोन घेऊ (१४ टक्के, ३ वर्षं) की बँकेतून घेतलेली पॉलिसी मोडू? तिचे १ लाख २० हजारांचे ४ हप्ते भरलेत. गाडी पूर्ण झाली की १४ लाखांना जाईल, मुलीच्या इंजिनीअरिंगची तीच सोय. पुढे व्हिंटेज म्हणून किंमत आणखी वाढेल. आरसी (नोंदणी प्रमाणपत्र) २०२८पर्यंत आहे. चासी नंबरचा तुकडा कापून नव्या चासीत बसवायचा बाकी आहे, डेंटर म्हणतो सगळे तसंच करतात. मालमत्तेचं पत्रक जोडलंय. — एक वाचक

उत्तर : लोन नको आणि पॉलिसीही मोडू नका. जे विचारलंत त्याचं उत्तर एवढंच. खरी अडचण तुम्ही न विचारलेल्या गोष्टींत आहे.

तुमच्या पत्रकाच्या मागच्या बाजूला चासीची मापं आहेत. टॅक (वेल्डचे तात्पुरते टाके) मारल्यावर दोन्ही कर्ण मोजले, फरक २ मिमी. पूर्ण वेल्ड झाल्यावर पुन्हा मोजले, ३ मिमी. उष्णतेने पाइप कुठे ओढला गेला तेही बाणाने दाखवलंय. उत्तम काम. पुढच्या बाजूला त्याच अक्षरात ‘जीप – १४ लाख’ आणि ‘मुलीची फी – अंदाजे १० ते १२ लाख’. लोखंडात ३ मिमीचा हिशोब ठेवणारा माणूस लेकीच्या फीत २ लाख इकडेतिकडे सोडून देतो, आणि जीपचे १४ लाख कुठून आले ते एका शब्दाने सांगत नाही. इंटरनेटवरच्या जाहिरातीतून आले असावेत. जाहिरातीत मालकाची अपेक्षा छापलेली असते. सौदा किती रुपयांना झाला, ते कुणी छापत नाही.

माझ्या हिशोबात ही जीप, तुम्ही योजली आहे तशी पूर्ण झाली तर, शून्य रुपयांची आहे. कारण तिला कागद नसेल.

तुम्ही म्हणता आरसी आहे. आहे, पण ते दुसऱ्या गाडीचं. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं की उत्पादकाने मुळात दिलेल्या तपशिलापेक्षा आरसीतला तपशील वेगळा पडेल असा बदल मालकाने करायचा नाही. जानेवारी २०१९मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच बजावलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीत कलम १८२अ आलं. परवानगी नसलेल्या बदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे ५ हजार दंड, किंवा दोन्ही. तुमची चासी वेगळी आणि उघड्या जीपवर बंद बॉडी. हे ‘मॉडिफिकेशन’ राहिलेलं नाही, ही दुसरीच गाडी आहे. नवी गाडी म्हणून नोंदवायची म्हटली तर केंद्रीय मोटार वाहन नियम १२६प्रमाणे पुण्याच्या एआरएआयसारख्या वाहन तपासणाऱ्या संस्थेकडून मान्यता लागते. ती वाट कारखानदारांसाठी आहे, शेडमध्ये एक गाडी बांधणाऱ्यासाठी नाही.

नंबरचा तुकडा कापून बसवणं तर विसराच. चोरीच्या गाड्या अशाच तयार होतात आणि पोलीस त्याकडे त्याच नजरेने बघतील. डेंटरचं ‘सगळे तसंच करतात’ ऐकून घ्या आणि सोडून द्या. पकडलं गेल्यावर आरसीवर नाव त्याचं नसतं. २०२८ला नूतनीकरणासाठी गाडी आरटीओच्या मैदानात न्यावीच लागेल. तिथला निरीक्षक पहिल्यांदा खाली वाकून चासी नंबरच बघतो.

व्हिंटेजचंही उरकून टाकू. २०२१च्या नियमांनुसार व्हिंटेज म्हणजे पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षांहून जुनी, मूळ रूपात जपलेली आणि चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरबदल न केलेली गाडी. तुमची जीप २०३८मध्ये पन्नाशीला येईल आणि दुसऱ्या अटीवर तेव्हाही नापास होईल.

समजा कुणी पकडलं नाही. तरी माझी भीती दंडाची नाहीच. ही गाडी घेऊन तुम्ही रस्त्यावर उतरलात, थर्ड पार्टी विमाही उतरवलात आणि कुणाला धडक बसली. पस्तिशीतला, कायम नोकरीत महिना ५० हजार कमावणारा, चौघांना पोसणारा माणूस गेला. न्यायाधिकरण वर्षाचे ६ लाख धरतं, पुढच्या पगारवाढीसाठी निम्मे वाढवून ९ करतं, त्याच्या स्वतःच्या खर्चाचा पाव भाग वजा करून पावणेसात, आणि त्याला वयानुसार ठरलेल्या १६ने गुणतं. झाले एक कोटी आठ लाख. कागदावरची गाडी आणि रस्त्यावरची गाडी एक नाही हे विमा कंपनीने दाखवून दिलं की ती जबाबदारी नाकारू शकते, किंवा आधी भरून नंतर मालकाकडून वसूल करण्याचा आदेश मिळवू शकते. तुमचं घर ६० लाखांचं आहे.

आणि कागद सगळे नीट असते तरी १४ लाख आले नसते. दुसऱ्याने घरी मारलेल्या वेल्डवर आपलं कुटुंब बसवायला गिऱ्हाईक सहजी तयार होत नाही. हाताने बांधलेली गाडी सामानाच्या किमतीलाही क्वचितच जाते, मजुरी तर सोडाच. तुमचे ५ लाखही ५ राहणार नाहीत. चासी सरळ रेषांची असते, बॉडी वळणांची. मडगार्डच्या एका गोलाईसाठी १८ गेजचे तीन पत्रे वाया जातात, वेल्डच्या उष्णतेने सपाट दारात पोट येतं, आणि मग रबर, बिजागऱ्या, काचेच्या खाचा, पाणी गळणं हे सगळं शेवटी एकदम अंगावर येतं. मी ८ धरीन.

यातून एक वाट निघते, आणि ती तुम्हीच पत्रकाच्या तळाशी लिहून ठेवली आहे : ‘जुनी चासी परसात पडून आहे.’ नंबर अजून तिच्यावरच आहे, कापलेला नाही. मागचा क्रॉस मेंबर (चासीचा आडवा दांडा) आणि गंजलेली टोकं दुरुस्त करून तीच वापरा, बॉडी आरसीत आहे तशी उघडी ठेवा. हात लावण्याआधी आरटीओत लेखी अर्ज द्या, फोटो जोडा, उत्तर लेखीच घ्या. इंजिन, गिअरबॉक्स, अ‍ॅक्सल, पाटे यांवरचा खर्च तुमच्या यादीप्रमाणे साडेतीन लाखांचा आहे आणि तो सगळा जुन्या चासीवर चालून जातो. नव्या चासीचे १ लाख १० हजार गेले. ते वसूल करायला आणखी ५ लाख घालायचे नसतात.

आता घराकडे. ९२ हजारांतून हप्ता ३१, घरखर्च ३८, पॉलिसीचे महिन्याला १० धरले, उरतात १३. ते आज जीपमध्ये जातात, आणि तिच्यासाठी तुम्ही ३ हजारांची एसआयपीही थांबवलीत. ५ लाखांच्या लोनचा हप्ता १७ हजार. म्हणजे दरमहा ४ हजार कमी, आणि तीन वर्षांत १ लाख १५ हजारांच्या आसपास व्याज. छंदासाठी १४ टक्क्यांनी कर्ज काढत नाहीत, यावर चर्चाही नको.

पॉलिसीबद्दल मात्र बोलायला हवं. तुम्ही बँकेत एफडी करायला गेलात आणि ‘गॅरंटीड इन्कम’ घेऊन आलात. विकणाऱ्याने तुम्हाला ‘१२ लाख भरा, २२ लाख ८० हजार घ्या, जवळजवळ दुप्पट’ असं सांगितलं असणार. १० वर्षं भरायचं आणि बाराव्या वर्षाअखेरपासून वर्षाला १ लाख ९० हजार, १२ वर्षं. हा परतावा ५ टक्क्यांच्या थोडा वर आहे. पैसे अडकले तब्बल २३ वर्षं. एफडी मागणाऱ्याला हे विकणाऱ्या माणसाला कमिशन दिसत होतं, तुमची दहावीतली मुलगी दिसत नव्हती.

पत्रकात या पॉलिसीची किंमत तुम्ही ४ लाख ८० हजार लिहिली. तो तुम्ही भरलेला आकडा. आज मोडली तर हमीचे साधारण निम्मे, २ लाख ४० हजारांच्या आसपास मिळतील. म्हणून रागाच्या भरात सरेंडर करू नका. हप्ते थांबवून ‘पेड-अप’ करा, म्हणजे पुढे न भरता पॉलिसी कमी रकमेने चालू राहते. १०पैकी ४ हप्त्यांच्या प्रमाणात उत्पन्न धरलं तर वर्षाला सुमारे ७६ हजार, १२ वर्षं. आज २ लाख ४० हजार सोडून पुढे ९ लाख मिळवणं हा चांगला सौदा आहे. पेड-अपचा नेमका आकडा कंपनीकडून लेखी मागवा. प्रमाणापेक्षा फारच कमी निघाला तर पुन्हा बघू.

पण हप्ता थांबवण्याआधी एक काम. या पॉलिसीत तुमचं विमाकवच १२ लाखांचं आहे. नोकरीतल्या ईडीएलआयचे (पीएफबरोबर मिळणारा विमा) जास्तीत जास्त ७ लाख. एकूण १९. कर्ज २२. रात्री एकटे शेडमध्ये वेल्डिंग करणारे तुम्ही उद्या नसलात, तर विम्याच्या पैशातून घराचं कर्जसुद्धा फिटत नाही. पत्नीला पगार नाही, दोन मुलं शिकतायत. तुमच्या पत्राचं शीर्षक खरं तर हे असायला हवं होतं. साठीपर्यंत एक कोटीचा साधा टर्म विमा (फक्त मृत्यू झाल्यास पैसे देणारा) काढा. महिना दोन-अडीच हजारांत बसावा. वैयक्तिक विम्यावर सप्टेंबर २०२५पासून जीएसटीही नाही. अर्जात काही लपवू नका, वैद्यकीय तपासणी टाळू नका. टर्मची पॉलिसी हातात पडली की मगच जुन्या पॉलिसीचा हप्ता थांबवा. कंपनीचा आरोग्यविमा नोकरीबरोबर जातो, म्हणून कुटुंबासाठी १० लाखांचा वेगळा, आणखी अडीच-तीन हजार.

सुटलेल्या १० हजारांतून या दोन्हींनंतर ५ उरले. जीपच्या १३मधले ८ काढा. असे १३ हजार दरमहा मुलीच्या नावाने रिकरिंगमध्ये. शेअर बाजार नको, पैसे दोन वर्षांतच लागणार आहेत. दहावीनंतर प्रवेशापर्यंत सव्वातीन लाख जमतील. पहिल्या वर्षाची फी आणि थोडं वर. उरलेल्या वर्षांसाठी शैक्षणिक कर्ज, तुमचे चालू १३ हजार आणि तिचा स्वतःचा वाटा. मुलींना फीमाफी आहे असं ऐकून निर्धास्त असाल तर ती ८ लाखांपर्यंत कौटुंबिक उत्पन्न असलेल्या विशिष्ट प्रवर्गांसाठी आहे. तुमचं उत्पन्न ११ लाखांच्या वर.

जीपला उरले महिना ५ हजार. जुन्या चासीची दुरुस्ती, गंज काढणं, उघडी बॉडी सरळ करणं हे त्यात हळूहळू होतं. दीडेक वर्षात ती सुरू व्हावी. पत्रकातला जीपचा रकाना मात्र आजच खोडा आणि ती खर्चाच्या यादीत घ्या, घरखर्चाच्या खाली. बँकेतले ६० हजार त्यात धरू नका, ते अडचणीसाठी आहेत आणि खरं तर दीड लाख असायला हवेत.