भावांचे पाप देवाच्या योजनेत बसले, म्हणून ते पाप उरत नाही का?

आपण विचारले आहे की, बायबलमधील याकोबाचा मुलगा योसेफ याला भावांनी गुलाम म्हणून विकले नसते, तर तो मिसरात, म्हणजे इजिप्तमध्ये, पोहोचलाच नसता आणि दुष्काळात याकोबाचे घराणे वाचले नसते. मग देवाची योजना ज्यांच्या हातून पुरी झाली त्या भावांना दोष कशासाठी द्यायचा? कोल्हापुरातील आमच्या मंडळीच्या शास्त्राभ्यासातही हा प्रश्न अधूनमधून निघतो आणि तालमींच्या या गावात त्याचे उत्तर जवळजवळ ठरलेले असते: मुरलेला मल्ल प्रतिस्पर्ध्याचाच जोर वापरून त्याला चीत करतो, तसा देव माणसाच्या वाईटाचा उपयोग करून घेतो. मला हे उत्तर अपुरे वाटते, कारण त्यात देव समोरच्याच्या चढाईची वाट पाहत उभा राहतो. ही कथा सांगणाऱ्या उत्पत्ती या पुस्तकाच्या 45व्या अध्यायात योसेफ तर भावांना सांगतो की, मला येथे तुम्ही नव्हे, देवाने तुमच्यापुढे पाठवले.

मात्र हे कोणाच्या तोंडचे आहे, इकडे लक्ष द्यावे. तुम्ही माझे वाईट योजले, पण देवाने ते चांगल्यासाठी योजले, असे 50व्या अध्यायात म्हणणाराही योसेफच, म्हणजे ज्याच्यावर अन्याय झाला तो. विकणाऱ्यांपैकी एकानेही हा आधार घेतलेला नाही. उलट 42व्या अध्यायात ते आपापसांत कबूल करतात की, तो काकुळतीला येऊन विनवत असताना आपण ऐकले नाही, आपण अपराधी आहोत. त्याला कोरड्या खड्ड्यात टाकून ते जेवायला बसले, एवढेच 37व्या अध्यायात लिहिले आहे. त्याच्या विनवण्या वाचकाला प्रथम कळतात त्या इतक्या वर्षांनी, दोषी माणसांच्याच तोंडून. भावाचा उसाचा तुकडा लाटून वर ‘देवाचीच इच्छा’ म्हणणारे आपल्याकडे आहेत, त्यांच्या सोयीची ही कथा नाही.

त्यातही या भावांपैकी यहूदाकडे पाहावे. मारून फायदा काय, विकून टाकू, ही त्याचीच सूचना, आणि सौदा ठरला चांदीच्या 20 नाण्यांवर. भावांनी बकऱ्याच्या रक्तात बुडवलेला झगा बापाला पाठवून तो ओळखायला सांगितला. पुढच्याच अध्यायात यहूदाची विधवा सून तामार, जिला त्याने न ओळखता गरोदर केलेले असते, त्याची मुद्रा, गोफ आणि काठी पाठवून ती कोणाची हे ओळखायला सांगते, आणि ती माझ्यापेक्षा नीतिमान आहे हे त्याला मान्य करावे लागते. हाच यहूदा 44व्या अध्यायात धाकट्या भावाच्या, बन्यामिनाच्या, जागी गुलाम म्हणून राहायला तयार होतो. देवाच्या सार्वभौमत्वाचा पुरावा म्हणून आपण योसेफाने दुष्काळासाठी भरलेल्या धान्याच्या कोठारांकडे बोट दाखवतो. मी आधी या बदललेल्या माणसाकडे दाखवीन.

राष्ट्रांच्या बाबतीतही हेच दिसते. यशया या संदेष्ट्याच्या पुस्तकातील 10व्या अध्यायात अश्शूर हे प्राचीन साम्राज्य देवाच्या क्रोधाचा सोटा आहे, तरी त्याच अध्यायात अश्शूरच्या राजाला त्याच्या उन्मत्तपणाबद्दल शिक्षा सांगितली आहे, कारण त्याच्या मनात होता तो केवळ नाश.

हे दोन हेतू एकाच कृतीत नेमके कसे नांदतात, हे पवित्र शास्त्र उलगडून सांगत नाही. परंतु एकाने दुसऱ्याचा हिशेब मिटत नाही, हे ते वारंवार दाखवते. मत्तयाने दिलेल्या येशूच्या वंशावळीत तामारेचे नाव उघडपणे आहे, आणि दावीद राजाच्या ओळीत मत्तय बथशेबेचे, म्हणजे उरीयाला मारवून दाविदाने जिला आपली बायको केले तिचे, नावच घेत नाही. शलमोन दाविदाला उरीयाच्या बायकोपासून झाला, असे तो लिहितो.