हक्कसोडपत्रावर सही करण्यापूर्वी

प्रश्न : माझे लग्न १९८९ साली झाले. गेल्या वर्षी वडील वारले. सातारा जिल्ह्यात आमची वडिलोपार्जित शेती आहे आणि आई भावांजवळ राहते. दोघे भाऊ म्हणतात, ‘तुझ्या लग्नात खर्च झालाच आहे, आता हक्कसोड करून दे.’ सही न केल्यास माहेर तुटेल, अशी भीती वाटते. माझा काही हक्क आहे का?
— एक वाचक, पुणे

उत्तर : हक्क आहे, आणि तो भावांइतकाच आहे. महाराष्ट्राने १९९४ मध्ये मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत सहहिस्सेदार केले, तेव्हा आधी लग्न झालेल्या मुली वगळल्या होत्या. आपल्या पिढीतील अनेकींचा समज तिथेच थांबला आहे. हिंदू वारसा कायद्यातील २००५ च्या केंद्रीय दुरुस्तीने ती अट उरली नाही आणि ११ ऑगस्ट २०२० रोजी विनीता शर्मा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हा हक्क जन्मसिद्ध ठरवला. २० डिसेंबर २००४ पूर्वी नोंदणीकृत वाटणी झालेली नसेल आणि वडिलांचे मृत्युपत्र नसेल, तर आई, दोन भाऊ व आपण यांना सामान्यतः प्रत्येकी चौथा हिस्सा मिळतो. लग्नाच्या खर्चाने तो फिटत नाही.

माहेराची भीती खरी आहे, आणि तिला क्षुल्लक म्हणणारा सल्ला मी देणार नाही. परंतु हिस्सा राखणाऱ्या बहिणीला लोभी म्हणायचे आणि तोच हिस्सा घेणाऱ्या भावाला काहीच विचारायचे नाही, हा उघड अन्याय आहे. भावांशी वैर न धरताही मार्ग निघतो : जमीन त्यांनीच कसावी, सातबाऱ्यावर नावे मात्र सर्वांची राहावीत, असे आपण शांतपणे सुचवू शकता.

एक सावधगिरी बाळगावी. ‘वारस लावायचे आहेत’ असे सांगून बहिणींना दस्त नोंदवणाऱ्या दुय्यम निबंधक कार्यालयात नेले जाते आणि तेथे हक्कसोडपत्रावर सही घेतली जाते. वारसनोंद तलाठ्याकडे होते, तिच्यासाठी हक्क सोडावा लागत नाही. नोंदवलेले हक्कसोडपत्र मात्र पुढे रद्द करून घेणे फार कठीण असते. म्हणून आधी सातबारा, आठ-अ (खातेदाराच्या नावावरील जमिनींचा उतारा) आणि फेरफार (जमिनीच्या हक्कातील बदलांची नोंद) यांच्या नकला काढून वकिलांना दाखवा.

आईशीही एकांतात बोला. अशा वेळी आईचीही सही त्याच कागदावर घेतली जाते आणि उतारवयात तिच्या नावावर काहीच उरत नाही. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे स्त्रियांना, उत्पन्नाची अट न घालता, मोफत वकील मिळतो. तेथे तिलाही सोबत न्या.