पहिला गेम 'हॉलो नाइट' तयार असताना 'सिल्कसाँग' या पुढच्या व्हिडिओ गेमला इतकी वर्षं का लागली?

कारण तो आधी सिक्वेल नव्हताच. 'हॉलो नाइट' 2017 मध्ये आला, तेव्हा हॉर्नेट हे पात्र खेळता येईल असा एक जादा भाग द्यायचं ठरलं होतं. पण हॉर्नेट उंच आणि चपळ आहे, लांब उडी मारते. जुन्या नायकाच्या मापाच्या गुहा तिला पुरेनात, शत्रूही तितकेच हुशार हवेत. मग नवं राज्यच उभं राहिलं. 2019 मध्ये स्वतंत्र गेम म्हणून घोषणा झाली. हे दोन्ही गेम बनवणाऱ्या, ऑस्ट्रेलियातल्या अॅडलेडच्या टीम चेरीत मुख्य माणसं फक्त तीन! त्यांनी माणसं वाढवली नाहीत, हे मला फार योग्य वाटतं. त्या गेममधली पात्रं म्हणजे किडेच, आणि प्रत्येक किडा हाताने काढलेला दिसतो.

गेम येण्याची तारीख जेमतेम दोन आठवडे आधी जाहीर झाली. 4 सप्टेंबर 2025 ला आपल्याकडे संध्याकाळचे साडेसात, पुण्यात ऑफिसातून घरी पोचायची वेळ, आणि स्टीमसकट गेम विकणारी ऑनलाइन दुकानं कोलमडली.

आपल्या पुण्यात बनलेला 'राजी' (2020) खेळला नसेल, तर तोही जरूर खेळा. छोट्या टीमची मेहनत त्यातही जाणवते.