पैसे अडकले तर दाद कुणाकडे?

सप्रेम आशीर्वाद.

पत्र मिळालं. बँकांचे दिवस भरले, मधल्या माणसांची गरज उरली नाही, तेव्हा शिल्लक सगळीच क्रिप्टोत, म्हणजे बिटकॉइनसारख्या डिजिटल नाण्यांत, वळवावी का, असं विचारलंस. माझी सारी नोकरी बँकेत झाली, त्यामुळे माझा कल कुठे असणार हे तुला ठाऊक आहेच. तो वजा करून पुढचं वाच.

भाव कुठे जाईल हे मी सांगणार नाही. ज्यांना ते कळतं असं त्यांना स्वतःलाच वाटतं, त्यांच्या नादी तूही लागू नकोस. आपण दोनच गोष्टी पाहू: ही वस्तू रोजच्या व्यवहारात कितपत उपयोगी पडते, आणि काही बिनसलं तर दाद कुठे मागायची.

बिटकॉइन जन्माला आलं ते बँकांवरच्या रागातूनच. ३ जानेवारी २००९ या तारखेच्या पहिल्या ब्लॉकमध्ये, म्हणजे त्याच्या हिशेबवहीच्या पहिल्या पानावर, त्याच दिवशीच्या एका ब्रिटिश वर्तमानपत्राचा मथळा कायमचा नोंदवलेला आहे: अर्थमंत्री बँकांना दुसऱ्यांदा सावरायच्या बेतात. राग रास्त होता. बेफिकीर कर्जं वाटली बँकांनी आणि भुर्दंड बसला करदात्यांना. त्यावर शोधलेला तोडगाही हुशारीचा आहे. हिशेबाची वही, म्हणजेच ब्लॉकचेन, हजारो संगणकांवर एकसारखी ठेवायची, दर दहा मिनिटांनी साधारण एक पान जोडायचं, आणि जुनं पान बदलायला इतकी वीज लागावी की कुणी त्या वाटेला जाऊच नये. एकूण नाणी २ कोटी १० लाखांच्या वर जाणार नाहीत, हेही आधीच ठरलेलं. ही यंत्रणा चालते, याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

माझी शंका वेगळी आहे. तू लिहिलंस की तुझी नाणी ‘ब्लॉकचेनवर सुरक्षित’ आहेत. ती नक्की कुठे आहेत ते एकदा तपासून पाहा. एक्स्चेंजच्या, म्हणजे जिथून तू नाणी घेतोस-विकतोस त्या कंपनीच्या, ॲपमध्ये दिसणारा आकडा म्हणजे ब्लॉकचेन नव्हे. तो त्या कंपनीच्या स्वतःच्या खतावणीतला आकडा आहे. नाणी खर्च करायची गुप्त किल्ली, प्रायव्हेट की, तिच्याकडे, तुझ्याकडे फक्त पासवर्ड. म्हणजे मधला माणूस गेलेला नाही. जुना जाऊन नवा आला, आणि जुन्यावर असलेली बंधनं बऱ्याच ठिकाणी नव्यावर नाहीत.

आता बँकेची ठेव घे. कायद्याच्या नजरेत तीसुद्धा तू बँकेला दिलेलं कर्जच असतं, हे बँकवाले फारसं बोलून दाखवत नाहीत. पण त्या कर्जामागे काय काय उभं असतं ते बघ. भांडवलाची सक्ती असते, तपासणी असते, अडचणीच्या वेळी मध्यवर्ती बँक असते, आणि सगळं कोसळलं तरी ठेव विमा असतो. अमेरिकेत तो अडीच लाख डॉलरपर्यंत आहे, युरोपीय संघात एक लाख युरोपर्यंत. बँकवाले देवमाणसं असतात म्हणून तुझा पैसा सुरक्षित नसतो. त्यांच्यावर नजर ठेवायला दुसरं कुणीतरी बसलेलं असतं, म्हणून असतो.

एक्स्चेंज किंवा व्याज देणारी क्रिप्टो कंपनी बुडाली की काय होतं, हे आता अंदाजाने सांगायची गरज उरलेली नाही. सेल्सियस या कंपनीने जून २०२२ मध्ये पैसे काढणं थांबवलं आणि पुढे दिवाळखोरीचा अर्ज केला. तिच्या व्याज देणाऱ्या खात्यांतली नाणी कुणाची, हा प्रश्न न्यायालयात गेला. जानेवारी २०२३ मध्ये निकाल लागला: ती कंपनीची. खाती होती सुमारे ६ लाख. ग्राहकांनी मान्य केलेल्या अटींमध्येच मालकी कंपनीकडे जाते असं लिहिलेलं होतं. कुणी वाचलं नव्हतं, एवढंच. एफटीएक्सची गोष्ट त्याहून चटका लावणारी आहे. नोव्हेंबर २०२२ मध्ये ते एक्स्चेंज कोसळलं. ग्राहकांचा पैसा संस्थापकाच्याच दुसऱ्या कंपनीत गेला होता, आणि २०२४ मध्ये त्याला २५ वर्षांची शिक्षा झाली. पुढे ग्राहकांना परतफेड करायचं ठरलं, पण हिशेब दिवाळखोरीच्या अर्जाच्या दिवशीच्या भावाने. तेव्हा बिटकॉइन १७ हजार डॉलरच्या आत होतं. परतफेडीच्या योजनेला न्यायालयाने मंजुरी दिली तोवर ते ६० हजारांच्या वर गेलेलं होतं. कागदोपत्री पूर्ण भरपाई झाली. पण ज्याचं एक नाणं होतं त्याला ते नाणं काही परत मिळालं नाही.

हल्ली एक्स्चेंजेस राखीव निधीचा पुरावा म्हणून आकडे जाहीर करतात. ते वाचताना एक लक्षात ठेव: मालमत्ता दाखवली म्हणजे देणी दाखवली असं होत नाही. ताळेबंदाला दोन बाजू असतात.

‘मग मी नाणी स्वतःच्या वॉलेटमध्ये ठेवीन,’ असं तू म्हणशील. ठीक, तो खरा क्रिप्टो: किल्ली तुझ्याच फोनमध्ये किंवा उपकरणात. पण तिथे बँक तूच, आणि तक्रार खिडकीही तूच. सीड फ्रेजचे, म्हणजे ती किल्ली परत मिळवून देणारे, बारा किंवा चोवीस शब्द हरवले तर पैसा गेला. दुसऱ्याने वाचले तरी गेला. समोरच्याचा पत्ता, म्हणजे खाते क्रमांकासारखी अक्षरांची ओळ, टाइप करताना एखादं अक्षर चुकलं तर वॉलेट बहुधा पकडतं, तेवढी सोय पत्त्यातच केलेली आहे. धोका चुकीच्या अक्षराचा नाही, चुकीच्या पण वैध पत्त्याचा आहे. चोरटे तुझ्या नेहमीच्या पत्त्यासारखा, सुरुवातीची आणि शेवटची अक्षरं जुळणारा पत्ता तयार करतात आणि त्यावरून तुला क्षुल्लक रक्कम पाठवतात. पुढच्या वेळी तू जुन्या यादीतून पत्ता कॉपी करतोस आणि सगळी रक्कम त्यांच्या घशात जाते. कार्डाच्या व्यवहाराला हरकत घेता येते. बँकेतून चुकून गेलेले पैसे परत मिळवायला निदान अर्ज करता येतो, कधीकधी मिळतातही. इथे अर्ज कुणाच्या नावे करणार?

आणि हा काही यंत्रणेतला दोष नव्हे, हे नीट समजून घे. व्यवहार कुणालाही उलटवता येत नाही म्हणूनच तो कुणाला अडवताही येत नाही. एक हवं आणि दुसरं नको, असं चालत नाही. म्हणून मी सगळ्यांना एकच उत्तर देत नाही. ज्याला अडवलं जाण्याची भीती जास्त आहे त्याच्यासाठी हे हत्यार कामाचं आहे. ज्याला चूक आणि चोरी यांची भीती जास्त आहे, त्याच्यासाठी बँकच बरी.

पहिल्या प्रकारची माणसं काल्पनिक नाहीत. मार्च २०१३ मध्ये सायप्रसमधल्या बँका जवळपास दोन आठवडे बंद होत्या. त्यानंतर तिथल्या सर्वांत मोठ्या बँकेत एक लाख युरोंच्या वरच्या ठेवींपैकी जवळजवळ निम्मी रक्कम शेअर्समध्ये बदलली गेली. लेबनॉनमध्ये २०१९ पासून ठेवीदारांना स्वतःचेच डॉलर मोकळेपणाने काढता येईनासे झाले. फेब्रुवारी २०२२ मध्ये युद्ध पेटल्यावर युक्रेनच्या सरकारने क्रिप्टोत देणग्या मागितल्या आणि कोट्यवधी डॉलर आले. बँकेच्या वेळापत्रकाची वाट पाहायची सवड तेव्हा नव्हती. अशा ठिकाणी माझ्यासारख्याने बँकेचं कौतुक सांगू नये.

रोजच्या खर्चाचं मात्र दोन ओळींत आटोपतं. बिटकॉइनची मूळ साखळी सेकंदाला साधारण सात व्यवहार पेलते. एप्रिल २०२४ मध्ये हाल्विंगच्या, म्हणजे नव्या नाण्यांचा पुरवठा निम्मा होण्याच्या, सुमारास एका दिवसाचं सरासरी शुल्क शंभर डॉलरच्या वर गेलं होतं. मूळ साखळीबाहेर व्यवहार उरकणाऱ्या लाइटनिंगसारख्या वरच्या थरांनी हे स्वस्त होतं, हे खरं. तरी एल साल्वादोरने २०२१ मध्ये बिटकॉइनला कायदेशीर चलन केलं आणि २०२५ मध्ये ते स्वीकारण्याची सक्ती मागे घेतली. लोकांनी ते फारसं वापरलंच नाही.

राहता राहिले स्टेबलकॉइन, म्हणजे भाव एका डॉलरशी बांधलेली नाणी. परदेशी पैसे पाठवायला मला क्रिप्टोतलं हेच सर्वांत उपयुक्त वाटतं: काही मिनिटांत, रविवारीसुद्धा, आणि पुष्कळदा बँकेपेक्षा स्वस्त. पण त्याची किंमत स्थिर राहते ती मागे ठेवलेल्या डॉलर्समुळे, आणि ते डॉलर ठेवलेले असतात बँकांत व सरकारी रोख्यांत. मार्च २०२३ मध्ये सिलिकॉन व्हॅली बँक बुडाली तेव्हा यूएसडीसी या स्टेबलकॉइनचे ३३० कोटी डॉलर तिच्यात अडकलेले होते. नाण्याचा भाव ८८ सेंटच्याही खाली उतरला. तो सावरला कधी? अमेरिकी सरकारने बँकेच्या सगळ्या ठेवीदारांना पूर्ण पैसे मिळतील असं जाहीर केलं तेव्हा. त्या बातमीवर मी बराच वेळ हसत होतो. टेराचं स्टेबलकॉइन तर मे २०२२ मध्ये काही दिवसांत मातीमोल झालं, कारण त्यामागे डॉलर नव्हते, गणित होतं.

तुझ्यापुरतं सांगतो. पगार, घरभाडं, आजारपणासाठी बाजूला काढलेली रक्कम, यांतलं काहीही बँकेतून हलवू नकोस. क्रिप्टोत तेवढंच ठेव, जे उद्या शून्य झालं तरी हप्ता चुकणार नाही. कुणी ठरावीक व्याज देऊ करत असेल तर ते कोण भरतंय, हे विचार. उत्तर एका वाक्यात मिळालं नाही तर निघून ये. आणि या आठवड्यात एक कर: एक्स्चेंजमधून थोडी रक्कम स्वतःच्या वॉलेटमध्ये काढ आणि तिथून परत बँक खात्यापर्यंत आण. किती वेळ लागला, शुल्क किती गेलं, कुठे अडलं, ते टिपून ठेव. आत जाणारा रस्ता सगळेच रुंद ठेवतात. बाहेर यायचा तूच चालून बघ.

मग मला लिही. सोबत तुझ्या एक्स्चेंजच्या अटींमधला मालकीबद्दलचा परिच्छेद उतरवून पाठव, आपण दोघं मिळून वाचू. सीड फ्रेज मात्र पाठवू नकोस. मलासुद्धा नाही.

तुझा,
काका